मदत हवी आहे: यूएसबी ऑसिलोस्कोपमधून साइन वेव्ह बाहेर कशी काढायची?

अर्धवट_सर्किट
यूएसबी ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख कॉम्प्युटरवर दाखवणारा) आहे. एक फिल्टर बनवलाय, तो तपासायला साइन वेव्ह हवी. वेगळा सिग्नल जनरेटर घ्यायचा नाहीये. सॉफ्टवेअरचे सगळे मेनू पालथे घातले, जनरेटर कुठेच दिसत नाही. एका व्हिडिओत मात्र एक बाबाजी यूएसबी स्कोपमधूनच मस्त वेव्ह काढून दाखवतायत, म्हणजे जमतं. कुठलं सेटिंग आहे तेवढं सांगा. जरा घाईत आहे.

रोहित्र
मॉडेल कुठलं? फिल्टर कसला, किती हर्ट्झचा?

अर्धवट_सर्किट
साधाच आहे हो, दोन चॅनेलवाला.

रोहित्र
दोन चॅनेलवाले ढिगाने आहेत. नाव वाचून सांगा, नाहीतर आम्ही इथे पत्रिका मांडून बसतो.

अर्धवट_सर्किट
हँटेक ६०२२बीई. आता सांगा सेटिंग.

सोल्डरसम्राट
सेटिंग नाही, कारण आत तो भागच नाही. सिग्नल आत घेऊन त्याचे आकडे करणारा एडीसी आहे, आकड्यांचा सिग्नल करून बाहेर सोडणारा डॅक नाही. व्हिडिओतला स्कोप बहुधा जनरेटरवाला असणार. पिकोस्कोप २२०४ए मध्ये १०० किलोहर्ट्झपर्यंतचा जनरेटर येतो, ॲनालॉग डिस्कव्हरी २ मध्ये तर दोन. तुमच्याकडे बाहेर येणारी एकच गोष्ट आहे: कॅलिब्रेशनची (प्रोब जुळवण्यासाठीची) १ किलोहर्ट्झची चौकोनी वेव्ह, २ व्होल्ट पीक-टू-पीक.

खटपट्या
एवढ्यात निराश होऊ नका. ओपनहँटेक६०२२ हे मुक्त सॉफ्टवेअर टाका. ते स्वतःचं फर्मवेअर स्कोपच्या रॅममध्ये चढवतं, त्यामुळे कायमचं काही बदलत नाही. केबल काढली की गेलं. त्यात कॅलिब्रेशनची फ्रिक्वेन्सी ३२ हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ बदलता येते. झाला की जनरेटर! मी तर साधे फिल्टर त्याच्यावरच तपासतो. चौकोनी वेव्ह द्यायची, आउटपुट १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर चढायला किती वेळ लागतो तो मोजायचा, आणि ०.३५ ला त्या वेळेने भागायचं. कटऑफ, म्हणजे फिल्टर ज्या फ्रिक्वेन्सीच्या पुढे सिग्नल कापतो ती, हातात. ३५ मायक्रोसेकंद आले तर १० किलोहर्ट्झ.

सोल्डरसम्राट
हे गणित एका आरसीच्या (एक रेझिस्टर, एक कपॅसिटर) फिल्टरला चालतं. दोन टप्प्यांचा असेल आणि आउटपुट वर जाऊन डुलत असेल तर काय मोजणार? माणूस साइन मागतोय, तुम्ही चौकोन गळ्यात मारताय.

खटपट्या
चौकोनात साइन असतेच. मूळ फ्रिक्वेन्सी, मग तिसरा, पाचवा, सातवा हार्मोनिक (तितक्या पट फ्रिक्वेन्सीची साइन). बाकीचे गाळा.

सोल्डरसम्राट
म्हणजे फिल्टर तपासण्यासाठी आधी दुसरा फिल्टर बनवायचा. आणि फ्रिक्वेन्सी बदलली की तोही बदलायचा. छान.

दुरुस्तीवाले_काका
प्रोब (स्कोपची मोजणारी वायर) आधी नीट लावून घ्या. १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून घेणारं सेटिंग) ठेवून कॅलिब्रेशनच्या पट्टीला लावा आणि प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवा. वेव्हचा कोपरा गोल दिसला तर भरपाई कमी पडतेय, शिंगासारखा वर आला तर जास्त झालीय. स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवायचा, लोखंडी लावला की आकडा हलतो. हल्लीच्या पोरांना हे कोणी शिकवतच नाही.

अर्धवट_सर्किट
काका, प्रोब व्यवस्थित आहे. ते विचारलंच नव्हतं.

बिटबहाद्दर
एडी९८३३ या वेव्ह बनवणाऱ्या चिपचं मॉड्यूल घ्या आणि मोकळे व्हा. २५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर साधारण ०.१ हर्ट्झच्या पायरीने फ्रिक्वेन्सी बदलते. साइन, त्रिकोणी, चौकोनी तिन्ही देतं.

रोहित्र
पहिल्याच पोस्टमध्ये "वेगळा घ्यायचा नाहीये" लिहिलंय. शिवाय त्याची साइन जेमतेम ०.६ व्होल्टची. पुढे ॲम्प्लिफायर कोण बनवणार?
अर्धवट, दुसरा प्रश्न अजून बाकी आहे. किती हर्ट्झचा फिल्टर?

अर्धवट_सर्किट
लो-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी सोडणारा), कटऑफ ३ किलोहर्ट्झच्या आसपास. मुळात ऑडिओसाठीच आहे.

रोहित्र
अहो मग एवढं रामायण कशाला! लॅपटॉपचा हेडफोन जॅक वापरा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोन तयार करायचा आणि सोडायचा. २० किलोहर्ट्झपर्यंत काम भागतं. स्कोपचा पहिला चॅनेल फिल्टरच्या इनपुटवर, दुसरा आउटपुटवर. दोन्हींचं गुणोत्तर बघत फ्रिक्वेन्सी वाढवत जा. खालच्या फ्रिक्वेन्सीला जेवढं होतं त्याच्या ०.७०७ पट झालं की तो तुमचा कटऑफ. नुसतं आउटपुट बघू नका, साउंड कार्डही सगळीकडे सारखं व्होल्टेज देतंच असं नाही. आणि सिस्टीममधले बेस बूस्ट वगैरे इफेक्ट बंद करा.

खटपट्या
आणि साउंड कार्ड जळलं तर?

रोहित्र
एक किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत लावा. फिल्टरचा इनपुट दहा-वीस किलोचा असेल तर फारसा फरक पडत नाही.

अर्धवट_सर्किट
जॅकवर जमलं. पण फिल्टरनंतर फक्त वरचा अर्धा भाग येतोय, शून्याच्या खालचं सपाट. इनपुटला पूर्ण साइन आहे. साउंड कार्ड खराब का?

सोल्डरसम्राट
इनपुटला पूर्ण आहे म्हणता, मग साउंड कार्डाला का धरताय? फिल्टरमधला ओपॅम्प (ॲम्प्लिफायरची चिप) कुठला? सप्लाय किती, सिंगल की ड्युअल (उणे व्होल्टही देणारा)?

अर्धवट_सर्किट
एलएम३५८, ५ व्होल्ट. यूएसबीवरूनच घेतलाय.

सोल्डरसम्राट
हे आधी सांगायचं. जॅकची साइन शून्याच्या वर-खाली फिरते. तुमच्या ओपॅम्पला शून्याखाली सप्लायच नाही, तो खाली जाणार कुठे? इनपुटला मालिकेत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. त्याच्या पुढच्या टोकापासून १०० किलोचा एक रेझिस्टर ५ व्होल्टला आणि एक ग्राउंडला. म्हणजे साइन अडीच व्होल्टवर बसेल.

दुरुस्तीवाले_काका
लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, भुणभुण कमी होईल. आणि मेन्सला थेट जोडलेल्या सर्किटवर स्कोपच्या ग्राउंडचा चिमटा कधी लावू नका, तो पीसीच्या ग्राउंडला जोडलेला असतो.

अर्धवट_सर्किट
भुणभुण नाहीये काका. बायस केलं, खालचा भाग आला. आता वरचं टोक कापलं जातंय!! साधारण साडेतीन व्होल्टला.

सोल्डरसम्राट
३५८ सप्लायच्या दीडेक व्होल्ट खालीच थांबतो. लॅपटॉपचा आवाज कमी करा.

बिटबहाद्दर
किंवा रेल-टू-रेल (आउटपुट जवळजवळ पूर्ण सप्लायपर्यंत नेणारा) ओपॅम्प घ्या. मी एमसीपी६००२ वापरतो.

रोहित्र
पुन्हा "घ्या".

अर्धवट_सर्किट
आवाज निम्मा केला, स्वच्छ साइन. २.७ किलोहर्ट्झला ०.७ येतंय. हाच फिल्टर हाय-पास करायचा असेल तर काय बदलू?

रोहित्र
सर्किट टाका आधी.