हरिकेनराना, ६१९ आणि 'तेक्निको'

प्रश्न: अमेरिकेतला मुखवटाधारी मल्ल रे मिस्टीरियो याच्या लढतींवर मराठीत लिहिते आहे. त्याच्या 'हरिकेनराना' डावाला 'वादळी फेक' म्हणावं का? आणि '६१९' या डावाच्या नावाचं काय करू?

उत्तर: 'वादळी फेक' नको, ताई. यातलं वादळ म्हणजे एका माणसाचं नाव आहे. मूळ स्पॅनिश शब्द 'उराकानराना', मेक्सिकोचा मुखवटाधारी मल्ल उराकान रामिरेस याच्यावरून पडलेला. समोरच्याच्या खांद्यांवर त्याच्याकडे तोंड करून उडी मारायची, मांड्यांत डोकं धरायचं आणि स्वतःला मागे झोकून द्यायचं. त्या झोक्यात तो कोलांटी खाऊन पाठीवर पडतो. मूळ डाव इथे संपत नाही. पडल्या पडल्या त्याचे पाय आवळून खांदे टेकवायचे, म्हणजे आपल्याकडचं चितपट. नुसतं भिरकावलं तर जाणकार त्याला हेडसिझर्स म्हणतात, टीव्हीवर मात्र दोन्हींना सर्रास हरिकेनरानाच. म्हणून 'फेक'ही अपुराच. नाव तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे डाव उलगडून सांगा.

६१९ हा अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा टेलिफोन कोड. मिस्टीरियो त्याच भागातला, चुला व्हिस्टाचा. कुस्ती शिकला सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात, घरातल्याच थोरल्या रे मिस्टीरियोकडे. आकड्यात लिहा, पण वाचताना 'सिक्स-वन-नाइन'. 'सहाशे एकोणीस' कुणी म्हणत नाही. प्रतिस्पर्धी मधल्या दोरावर ओणवा पडला की हा धावत येतो, दोर धरून त्यांच्यामधून गर्रकन झुलतो आणि दोन्ही पाय त्याच्या तोंडावर हाणतो. जपानच्या पहिल्या टायगर मास्ककडे, म्हणजे सातोरू सायामाकडे, ही नुसती हूल होती: बाहेर झेपावतोय असं भासवून दोरांतून परत आत. मिस्टीरियोमुळे त्या हुलीची लाथ झाली. 'हूल' हा शब्द जरूर वापरा, इतका चपखल दुसरा मिळणार नाही.

प्रश्न: आभारी आहे, दादा. 'तेक्निको'ला 'तंत्रज्ञ' चालेल?

उत्तर: अजिबात नाही, वायरमन वाटेल. लुचा लिब्रेत, म्हणजे मेक्सिकोच्या व्यावसायिक कुस्तीत, नियमाने लढणारा, लोकांचा लाडका तो तेक्निको. दांडगाई करणारा तो रुदो. 'रुदो'ला 'दांडगा' छान बसतं. तेक्निको तसाच राहू द्या.

आणखी एक. १९९९ साली मिस्टीरियोने मुखवटा 'उतरवला' असं लिहू नका. मुखवटा पणाला लावलेली लढत हरल्यामुळे तो गेला, म्हणून 'गमावला'. मेक्सिकोत पैजेवर गेलेला मुखवटा परत चढवायचा नाही, असा रिवाज आहे. म्हणूनच २००२ साली डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीत तो पुन्हा मुखवट्यात आला, तिथेही साधं 'घातला' न लिहिता 'पुन्हा चढवला' लिहा.