मदत हवी आहे: मामाला ती रात्र आठवत नाही, सांगावं का?

माझं माहेर सोलापूरचं, पूर्व भागातलं. १९९८ चा जानेवारी, गड्ड्यातली, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली, शोभेच्या दारूकामाची रात्र. मी ९ वर्षांची, भाऊ ४ वर्षांचा. त्याला ताप होता म्हणून आम्हा दोघांना मामाजवळ ठेवून आई-बाबा आजीला घेऊन होम मैदानावर गेले.

मामा आमच्याकडेच राहायचा, कारखान्यात मागावर रात्रपाळी करायचा. दिवसा झोप येईना म्हणून झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, मग पाकिटंच्या पाकिटं. तीन दिवस आधी आईने सगळ्या गोळ्या गटारात टाकल्या होत्या. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलं एकदाचं.

दारूकाम सुरू झालं, लांबून धडाधड आवाज यायला लागले, तसा मामा उठला. आतून कडी घातली, दिवा घालवला. "गप बसा, पत्र्यावर माणसं चढल्यात." घामाने भिजलेला, हात थरथरत होते, आणि त्या हातात मागाचा धोटा, लोखंडी टोकाचा. भाऊ रडायला लागला तर त्याने माझं तोंड दाबून धरलं, रडणारं कोण हेही त्याला कळत नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग तो एकदम ताठ होऊन पडला, झटके यायला लागले. मला वाटलं, मेला. त्याला ओलांडून मी कडी काढली. ते ओलांडणं अजून अंगात आहे. शेजारच्या विडीवाल्या मावशी सूप टाकून धावत आल्या, रिक्षातून त्याला सिव्हिलला नेलं.

दुसऱ्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "मामाला फिट आली होती. बाहेर कुठं बोलायचं नाही." त्यावर आजवर घरात एक शब्द नाही.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांकडून कळलं की या गोळ्या खूप दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर भास होतात, झटके येतात, माणूस दगावूही शकतो. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या असतात. घरात कुणी यात असेल तर कृपा करून आमच्यासारखं करू नका. आईला मी हे सांगितलेलं नाही, तिला सोसणार नाही.

मामा आता ११ वर्षं पूर्ण कोरडा आहे. फार मायाळू माणूस. माझ्या ७ वर्षांच्या लेकीला त्याच्याशिवाय करमत नाही. परवा फोनवर म्हणाला, "यंदा दारूकाम बघायला पोरीला मी नेतो. तू लहानपणी लई भ्यायचीस बघ आवाजाला, दार धरून रडायचीस." मी हो-नाही काहीच न बोलता फोन ठेवला. त्याला खरंच काही आठवत नाही. अशा अवस्थेतलं नंतर आठवत नाही, हेही डॉक्टर म्हणाले होते.

१४४१६ या टेली मानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) नंबरवर मी बोलले, समुपदेशकाची वेळही घेतली आहे. पण घरचं हे मला अशा कुणाकडून ऐकायचं आहे जे यातून गेलेत. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला, त्याला न आठवणारी गोष्ट तुम्ही सांगितलीत का? तो पुन्हा गोळ्यांकडे वळेल ही भीती खरी आहे का? आणि जे स्वतः सुटलेत त्यांना विचारते: तुम्हाला कुणी सांगितलेलं हवं होतं का?

गड्डा तीन आठवड्यांवर आलाय. लेक रोज विचारते, आजोबा कधी नेणार.