विषय: रविवारच्या वर्गातले एकसारखे कंदील

प्रेषक: रविवारची मराठी शाळा (स्वयंसेविका)

नमस्कार मंडळी,

परवाच्या वर्गात १४ मुलांनी आकाशकंदील केले. आदल्या रात्री बसून मी सगळ्यांचे कागद कापून, दुमडायच्या रेषा आखून ठेवल्या होत्या. कंदील वेळेत झाले, फोटो छान आले. पण हॉल आवरताना पाहिलं, तर पाच-सहा कंदील टेबलांवरच राहिले होते. मुलं ते न घेता घरी गेली होती. त्याहून मनाला लागलं ते हे की, अख्ख्या तासात मराठी बोलले ती मी एकटीच.

माझ्या लेकीच्या इथल्या शाळेत चित्रकलेच्या बाई सुरुवातीला थोडा वेळ काहीतरी करून दाखवतात आणि मग मुलांना मोकळं सोडतात. कुणी रंगांकडे जातं, कुणी मातीकडे, कुणी कापड-सुतळीकडे. काय करायचं ते मूलच ठरवतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कलाशिक्षकांनी रुजवलेली ही पद्धत. मूल हाच कलावंत आणि वर्ग ही त्याची कार्यशाळा, असं त्या मानतात. आपला वर्ग तासाभराचा, हॉल भाड्याचा, सामान दर वेळी गाडीतून न्यायचं-आणायचं. तरी जमेल का? दादरच्या मावशी, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तुम्ही सांगा.

प्रेषक: मावशी, दादर

बाळा,

तुझा मेल काल रात्री वाचला आणि टेबलावर राहिलेले ते कंदील डोळ्यांपुढून हलेनात. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षं होते, वर्गात पन्नासच्या वर मुलं. कार्यानुभवाच्या तासाला मीही कित्येक वर्षं हेच केलं. फळ्याला नमुना लावायचा, घोटीव कागद वाटायचे, हुबेहूब करील त्याला शाबासकी. ज्यांचं वाकडं होई ती मुलं पुढे पुढे कागदाला हातच लावेनाशी झाली. त्यातल्या काहींचे चेहरे मला अजून आठवतात.

मग एका वर्षी तिसरीच्या वर्गात 'माझं घर' हा विषय होता. चहाच्या टपरीवरून आणि मुलांच्या घरून महिनाभर रिकाम्या काडेपेट्या जमवल्या. प्रत्येकाला एक दिली आणि म्हटलं, ही तुमची खोली, आत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. टेबलावर चिंध्या, बटणं, मणी, सुतळी, लग्नपत्रिकांचे तुकडे आणि खळ मांडली. एका मुलीने फक्त भिंतीवरचं कॅलेंडर केलं, नखाएवढं, पण त्यातल्या तारखासुद्धा लिहिल्या. एकाने नळापुढे बटणांच्या हंडे-कळशांची रांग लावली. पाणी पहाटे येतं आणि आई त्याला उठवते, म्हणून त्याला घर म्हटलं की नळच आठवला.

एका मुलाने पेटी रिकामीच ठेवली, वरच्या झाकणावर तेवढं दार काढलं. मला वाटलं, कंटाळला असेल. विचारलं तर म्हणाला, "बाई, आमची बिल्डिंग पाडलीय. आम्ही ट्रान्झिट कॅम्पात राहतो. नव्या घराचा ताबा मिळाला की आत भरीन." वर्षभर ते पोर वर्गात सलग दोन वाक्यं बोललं नव्हतं.

नंतर त्या पेट्या एकावर एक रचून तीन मजली चाळ केली, सुतळीचा कठडा लावला. जिना कुठे घ्यायचा यावरून मात्र भांडणच जुंपलं. मधोमध घेतला तर दोन खोल्यांची दारं अडत होती, कडेला घेतला तर टोकाच्या खोल्यांना लांब पडत होता. मी गप्प राहिले. वीसेक मिनिटं मुलं एकमेकांना पटवत राहिली.

तुझ्या वर्गासाठी मला हेच मोलाचं वाटतं. रेषेवर दुमडायला मुलाला तोंड उघडावं लागत नाही. स्वतः ठरवायचं म्हटलं की मागावं लागतं, नको म्हणावं लागतं, चिकटत नाही म्हणून कुणाला तरी बोलवावं लागतं. काप, दुमड, ओव, गुंडाळ, भोक पाड, चिकटव ही क्रियापदं पाठ करून घ्यावी लागत नाहीत. हाताला काम असलं की ती जिभेवर येतात. मुलं अडली की तू शब्द पुरव, इंग्रजीत बोलली म्हणून काम थांबवू नकोस.

आणि हे सगळं तिकडचंच आहे असं मनात आणू नकोस. आमच्या दादरला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये शिशुविहार ही लहान मुलांची शाळा सुरू केली. मुलाने साधन आपणहून उचलावं, हे त्यांनी माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतून घेतलं होतं. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या. खेड्यात महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांवर काम चालवलं. तुझं सामानही गाडीच्या डिकीत मावेल एवढंच असू दे.

पहिल्या रविवारी दोनच कोपरे उघड, कागदाचा आणि सुतळी-कापडाचा. हात बसला की मातीचा. टोपल्यांवर मराठीत नावं लिही. पाच मिनिटांत एकच कृती दाखव, उदाहरणार्थ कागदाची बिजागरी कशी करतात, आणि दाखवलेला नमुना लगेच उचलून ठेव. समोर राहिला तर सगळी त्याचीच नक्कल करतील.

प्रेषक: एक पालक

नमस्कार मावशी. माझ्या मुलाला काय करायचंय विचारलं, तर तो "काहीही चालेल" म्हणून बसून राहतो. अशा मुलाचं काय करायचं? शिवाय तासाभरात काम अर्धवट राहिलं, तर मुलांचा हिरमोड नाही का होणार?

प्रेषक: मावशी, दादर

काय करायचंय, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला फार मोठा होतो. त्याच्यापुढे दोन टोपल्या ठेवा आणि विचारा, यातली कुठली? तरी बसून राहिला तर राहू द्या, दुसऱ्यांचं बघणं हेही कामच आहे. माझ्या वर्गात अशा मुलांना मी सामान वाटायला घेत असे. वाटता वाटता एखादी चिंधी हातात राहते आणि तिथून सुरुवात होते.

अर्धवट कामासाठी प्रत्येकाची नाव घातलेली कापडी पिशवी ठेवा, पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. शेवटची दहा मिनिटं आवरायला आणि सांगायला हवीतच. प्रत्येकाने एकच वाक्य सांगायचं, हे मी कशाचं केलं. छान, सुंदर म्हणून पुढे जाऊ नका, "हे उभं कसं राहिलं?" असं विचारा.

आणखी एक, अगदी कळकळीने. घरी गेल्यावर त्याच्या वस्तूला हात लावू नका. वाकडं सरळ केलंत, की पुढच्या वेळी तो तुमच्याच हाती कात्री देईल.

प्रेषक: रविवारची मराठी शाळा (स्वयंसेविका)

मावशी, काल दोन कोपरे उघडले. काडेपेट्या इथे मिळाल्या नाहीत, म्हणून औषधांची रिकामी खोकी घेतली. एका मुलाने खोक्यात सुतळीचा झोपाळा टांगला आणि सगळ्यांना सांगत सुटला, "हा आजीच्या घरचा, तो करकर वाजतो." 'करकर' मी शिकवलेलं नाही. एकीचं काहीच झालं नाही, ती टोपल्या लावत बसली. तीही पिशवी घेऊन गेली.

मंडळी, मातीचा कोपरा दोन रविवारांनी उघडायचा आहे. लहान खोकी, जुन्या साड्यांचे काठ, तुटलेली बटणं घरात असतील तर शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या दारात ठेवा. ओल्या हातांसाठी जुने टॉवेल आणि जमिनीवर अंथरायला एक प्लास्टिकही हवं आहे.