पेपरात दंडाधिकारी चौकशीची जाहीर सूचना आलीय, घरच्यांनी जावं का?

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी, कायद्यातलं जाणणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचा प्लीज.

आमच्या वरच्या खोलीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी भाड्याने राहते, माडिया आदिवासी आहे, गाव दोन राज्यांच्या हद्दीवर, गाव आणि जिल्हा मुद्दाम लिहीत नाही. मागच्या महिन्यात तिच्या मामाचा मुलगा गेला. पेपरात चार ओळी आल्या, चकमकीत एक नक्षली ठार, भरमार बंदूक (नळीतून बारूद भरायची), पिट्टू (पाठीवरची पिशवी) आणि साहित्य जप्त. घरचे म्हणतात की तो कधीच कोणत्या दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या तुकडीत, नव्हता, आठवडी बाजारात गेला होता आणि तिथून परत आलाच नाही. आता घरचे असंच म्हणणार असं कोणी म्हणेल, मीही आधी तेच म्हटलं. पण या मुलीने त्या दिवशी नागपूरहून त्याच्या मोबाईलचा रिचार्ज मारून दिला होता, दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी, तो मेसेज तिच्याकडे आहे, आणि रिचार्ज झाला हे सांगायला त्याने लगेच फोनही केला होता, मागे बाजाराचा आवाज येत होता म्हणे. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये चकमक संध्याकाळी ६ ची आहे, बाजारापासून तीसेक किलोमीटर आत पहाडीवर. तिकडे रस्ता नाही, पायवाट आहे.

परवा पेपरात कोपऱ्यात छोटीशी सूचना आली की उपविभागीय दंडाधिकारी चौकशी करून राहिले आहेत, ज्यांना माहिती असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत कार्यालयात येऊन निवेदन द्यावं. पोराचं नावसुद्धा चुकीचं छापलंय. तिने ते कात्रण आधारकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय आणि रोज मला विचारते, दादा जाऊ का. मला काय सांगावं समजत नाही. ही चौकशी म्हणजेच तपास का? ठाण्यात सांगितलं की गुन्हा दाखल आहे, तपास सुरू आहे. मग तो गुन्हा कोणावर दाखल आहे?

सिव्हिल_लाईन्स_वकील
शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण सगळी मेख तिथेच आहे. अशा बहुतेक केसेसमध्ये एफआयआर मेलेल्या माणसावर असतो. त्याने पोलिसांवर गोळीबार केला, खुनाचा प्रयत्न, म्हणजे आधीचं आयपीसीचं ३०७ कलम आणि आता नव्या न्याय संहितेचं, बीएनएसचं १०९, शिवाय आर्म्स अ‍ॅक्ट. आरोपी मयत, म्हणून पुढे अबेटेड समरी, म्हणजे आरोपीच हयात नाही म्हणून केस संपल्याचा अहवाल, लागते आणि फाईल बंद. त्याला कोणी आणि कसं मारलं हा प्रश्न त्या फाईलमध्ये विचारलाच जात नाही. मणिपूरच्या केसमध्ये हेच उघड झालं होतं. १,५२८ मृत्यूंची यादी घेऊन तिथल्या विधवा आणि आया २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टाने न्या. संतोष हेगडे यांची समिती नेमली, समितीने नमुन्यादाखल ६ प्रकरणं तपासली आणि सहाही चकमकी खऱ्या नव्हत्या असा अहवाल दिला. एफआयआर मात्र मेलेल्यांवरच होते. ८ जुलै २०१६ च्या निकालात कोर्टाने साफ सांगितलं की मेलेला साधा माणूस असो की अतिरेकी, कायदा एकच आहे. पुढच्या वर्षी सीबीआयची विशेष तपास टीम (एसआयटी) लावली.

आता तुमच्या कामाचं. आपल्याच राज्यातला, मुंबईतल्या १९९५ ते ९७ च्या चकमकींवरचा, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमधला सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, २३ सप्टेंबर २०१४. त्यात १६ सूचना आहेत. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ही की तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या टीमने करायचा, आणि त्यावर देखरेख करणारा अधिकारी चकमकीतल्या पोलीस पार्टीच्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा पाहिजे. त्याच ठाण्याचा पीएसआय तपास करत असेल तर तिथेच सूचना मोडली. सूचना पाळल्या नाहीत तर घरचे थेट सेशन्स जजकडे तक्रार करू शकतात, हे कोणी गावात जाऊन सांगत नाही.

दंडाधिकारी चौकशी ही वेगळी, ती तपास नाही. एसडीएम, म्हणजे हा उपविभागीय दंडाधिकारी, महसूलचा माणूस, तो आरोपपत्र देत नाही. तरीही जायचंच. कारण नाही गेलात तर अहवालात एक वाक्य येतं, जाहीर सूचना देऊनही कोणीही पुढे आले नाही, आणि पुढे हायकोर्टात तेच वाक्य आमच्यासमोर वाचून दाखवतात. मी हे दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा घरच्यांना सूचना छापून आल्याचंच माहीत नव्हतं.

निवेदन लेखी द्या, दोन प्रती, पोच शिक्क्यासकट घ्या. बाजारातून उचललं असं घरच्यांचं म्हणणं असेल तर ते स्पष्ट लिहा, कारण मग तो कोठडीतला मृत्यू ठरतो आणि बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १९६ खाली ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटची चौकशी मागता येते. रिचार्जचा मेसेज डिलीट करू नका, मोबाईल बदलू नका. दोन्ही नंबरांचे सीडीआर (कॉलच्या नोंदी) आणि टॉवर लोकेशन जपून ठेवावेत असा अर्ज आजच करा, कंपन्यांना रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावं लागतं, नंतर ते जातं. पैशाची चिंता नको, अनुसूचित जमातीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

शवागार_२२वर्षे
मी डॉक्टर नाही, पोस्टमॉर्टेमला डॉक्टरांच्या हाताखाली २२ वर्षं काढली, आता रिटायर आहे. वकील साहेबांनी कागदाचं सांगितलं, मी अंगावरचं सांगतो.

पहिली गोष्ट कपडे. कपड्याला भोक नाही आणि छातीला आहे, किंवा भोक एका जागी आणि जखम चार बोटं खाली, तर तो कपडा नंतर चढवलाय का हे विचारावंच लागतं. म्हणून कपडे सावलीत वाळवून कागदात बांधून फॉरेन्सिकला जायला पाहिजेत. प्लास्टिकमध्ये बांधले की ते कुजतात आणि पुरावा तिथेच जातो. दुसरं, बंदूक अगदी जवळून चालली तर जखमेच्या कडेला काजळी बसते, थोडी दुरून चालली तर न जळालेल्या बारूदाचे कण कातडीत टोचून बसतात, ते धुवून निघत नाहीत, काजळी मात्र ओल्या फडक्याने निघून जाते. दोनशे मीटरवरून मारलेल्या गोळीला यातलं काहीच नसतं. हे सगळं कपड्यावरही अडकतं, म्हणून परत कपडे. तिसरं, मेल्यावर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि काही तासांनी तिथेच पक्कं होतं. प्रेत पालथं सापडलं म्हणतात आणि लाली पाठीवर आहे, तर ते कोणीतरी हलवलंय.

पोस्टमॉर्टेम दोन डॉक्टरांनी आणि व्हिडिओ शूटिंगसह करायचं हेही त्या २०१४ च्या निकालातच आहे. रिपोर्टच्या प्रतीसोबत व्हिडिओही मागा. रिपोर्टमध्ये नुसतं गनशॉट इंज्युरी लिहून जखमेचं माप आणि दिशा सोडली असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

एक विचारतो, माफ करा. पुरलं का जाळलं? पुरलं असेल तर अजून वाट आहे. काश्मीरच्या शोपियानमध्ये जुलै २०२० ला तीन मजुरांना अतिरेकी म्हणून मारून दूर नेऊन पुरलं होतं, घरच्यांचा डीएनए जुळला आणि ऑक्टोबरमध्ये प्रेतं उकरून परत दिली.

कुरखेडा_ते_नागपूर
मी लिहावं का नाही असा दोन दिवस विचार केला. माझा भाऊ पोलीस होता, १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या नक्षली स्फोटात आमच्या गडचिरोली जिल्ह्याचे १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेले, त्यात त्याच्या सोबतचे पोट्टे होते. तो पहिले सारखा राह्यलाच नाही. त्यामुळे प्रत्येक चकमक खोटी म्हणणाऱ्यांचा मले लय राग येते, हे सांगूनच टाकतो.

पण त्या ताईचा टाईम पाहून मी भावाले फोन केला. तो म्हणाला ४ वाजता बाजारात अन ६ वाजता त्या पहाडीवर, ते बी बंदूक अन पिट्टू घेऊन, आम्हीबी पोचत नव्हतो. अन म्हणाला की खऱ्या चकमकीत आपली हत्यारं जमा करायले पार्टीले काही वाटत नाही, कोणत्या बंदुकीतून किती राऊंड सुटले त्याचा हिशोब लिहूनच असते. ताईले सांगा, कोणत्या हत्याराचे किती राऊंड झाडले, रिकामी खोकी किती भेटली अन त्या भरमारीतून गोळी सुटली होती का, हे तीन प्रश्न निवेदनात लिहून द्या म्हणा. भरमार झाडली असन तर नळीत काजळी राहतेच.

जुना_बातमीदार
वरच्या भाऊंनी लिहिलं ते फार मोलाचं आहे, त्यांना नमस्कार.

नागपूरकरांना हा विषय लांबचा वाटतो, तो तसा नाही. जुलै २०१० मध्ये माओवाद्यांचे प्रवक्ते आझाद आणि पत्रकार हेमचंद्र पांडे आदिलाबादच्या जंगलात मारले गेले, दोघांना नागपुरातून उचलून नेल्याचा आरोप होता. जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रजासत्ताकाला आपल्याच लेकरांना मारू देता येणार नाही. सीबीआयने तपास केला आणि २०१२ मध्ये चकमक खरी असल्याचं कोर्टाला सांगितलं. म्हणजे कोर्टाने तपास लावला तरी उत्तर घरच्यांच्या बाजूने येईलच असं नाही, ताईंना हेही आधी सांगून ठेवा.

आणि वेळ लागतो. छत्तीसगडच्या सारकेगुडाला जून २०१२ च्या रात्री सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ माणसं गेली, गावकरी म्हणत राहिले की बीज पंडुम या पेरणीच्या सणाची बैठक होती, न्या. अग्रवाल आयोगाचा अहवाल यायला २०१९ उजाडलं. गावकऱ्यांनी गोळीबार केल्याचा पुरावा नाही, आणि एकाला तर सकाळी घरातून काढून मारलं, असं त्यात आलं. पंजाबात मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांनी स्मशानातल्या नोंदवह्या उतरवून काढल्या, पोलिसांनी बेवारस म्हणून जाळलेल्यांच्या. १९९५ मध्ये त्यांनाच गायब केलं. पण वह्या राहिल्या, सीबीआयने पुढे एकट्या अमृतसर जिल्ह्यात २,०९७ बेकायदा दहनं मोजली, आणि तीस वर्षांनी आताही मोहालीच्या कोर्टात त्या काळातल्या पोलिसांना शिक्षा होत आहेत. म्हणून रिचार्जचा तो मेसेज लहान समजू नका. त्याचा स्क्रीनशॉट काढून तीन वेगळ्या माणसांकडे पाठवून ठेवा.

मानेवाडा_रोड
सगळ्यांचे खूप आभार, मी तिला बसवून एकेक रिप्लाय वाचून दाखवला. पुरलंय, घराच्या मागच्या शेताजवळ. हे ऐकून शवागारवाल्या काकांना तिने हात जोडलेत. सीडीआरचा अर्ज आज लिहिला, राऊंडचे तीन प्रश्न निवेदनात टाकले. नावाची दुरुस्तीही लिहिली, तिचा त्यावरच जास्त जोर होता, आधी नाव बरोबर करा म्हणाली.

एकच अडचण, मामी फक्त माडिया बोलते. बाजारातून त्याला नेताना तिनेच पाहिलं, पण निवेदन मराठीत लिहिणार, मामीला कळणार कसं काय लिहिलं ते? मुलगी स्वतः साक्षीदार आहे, तर तीच दुभाषी कशी चालेल?

सिव्हिल_लाईन्स_वकील
बरोबर ओळखलंत, तिला दुभाषी करू नका. तिसरं माणूस पाहिजे, आणि लिहिलेलं माडियात परत वाचून दाखवल्याशिवाय मामींनी अंगठा द्यायचा नाही. वाचून दाखवलं हेही खाली लिहून घ्या, दुभाष्याच्या सहीसकट. जायच्या आधी एकदा कोर्टात भेटा, निवेदन पाहून देतो.

भामरागड_बीएड
मी माडिया आहे, इथे नागपुरात शिकतो. तारीख कळवा, मी येतो. गणेशपेठ स्टँडहून सकाळची पहिली गाडी धरू, म्हणजे ऑफिस सुरू असतानाच पोचू. ताईला सांगा कागदाची थैली डिक्कीत टाकू नको, मांडीवरच ठेव.