खड्डा बुजवला म्हणजे सडा परत आला असं नाही

'बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) काढल्यावर खड्डा बुजवून झाडं लावतात, मग नुकसान कसलं?' हा मुद्दा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी-राधानगरीच्या सड्यांना, म्हणजे जांभा दगडाच्या सपाट डोंगरमाथ्यांना, लागू पडत नाही. जांभ्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं, आडवं सरकतं आणि कड्याखाली झरा होऊन फुटतं. वाड्यांना उन्हाळ्यात आधार त्याचाच. भरणीत चिकणमाती आणि जांभ्याचा चुरा एकत्र कालवला, की त्या वाटा बुजतात.

वरची माती जेमतेम बोटभर, फार तर वीतभर. ती आधी खरवडून वेगळी, कमी उंचीच्या ढिगात ठेवली नाही तर गवताचं बी गाडलं जाऊन मरतं. मग ऑस्ट्रेलियन बाभळीने रान हिरवं दिसतं खरं, पण गुरांना चारा नाही, आणि सीतेची आसवं, दवबिंदू ही सड्यावरची इवली कीटकभक्षी झाडं दाट सावलीत टिकत नाहीत. खाणीला परवानगी देण्याआधी मार्च ते मे दर पंधरवड्याला प्रत्येक झऱ्यावर बादली भरायला किती सेकंद लागतात, ते ग्रामसभेने नोंदवून ठेवावं, म्हणजे नंतर झऱ्याचं पाणी घटलं का ते ताडता येईल.