मदत हवी आहे: ब्लूबेरीसाठी चुनखडीची माती कशी तयार करू?

नमस्कार मंडळी,

ब्लूबेरीची चार रोपं लावायची आहेत, पण मातीपाशीच अडलेय. आमच्या मातीचा सामू (pH; आकडा जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) ७.८ आला आणि ब्लूबेरीला लागतो ४.५ ते ५.५. मागच्या खेपेला काहीच न तपासता दोन रोपं लावली होती. बघता बघता कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. सामू जास्त असला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, हे नंतर कळलं. दोन्ही रोपं गेली. फार जीव लावला होता त्यांना.

या वेळी घाई करणार नाही. गंधकाची भुकटी मिसळायचा विचार आहे. तिचं आम्ल मातीतले जिवाणू करतात आणि त्याला महिने लागतात, म्हणून लागवड पुढच्या हंगामात. मुळं उथळ आणि नाजूक, तेव्हा वरची फूटभर माती भुसभुशीत करून त्यात पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि पाइनच्या सालीचा चुरा घालेन.

पण काल ढेकळावर व्हिनेगर ओतलं तर चांगलं फसफसलं! म्हणजे चुनखडी आहेच. अशा जमिनीत गंधक पुरं पडतं का, की सामू पुन्हा वर चढतो? त्यापेक्षा उंच वाफा करून वेगळं मिश्रण भरू, की मोठ्या कुंड्याच बऱ्या? आमचं पाणीही जड, म्हणजे चुन्याचे क्षार असलेलं आहे, त्यामुळे पावसाचं पाणी साठवायला सुरुवात केली आहे.

चुनखडीच्या जमिनीत कुणी ब्लूबेरी जगवली असेल तर गंधक किती घातलं आणि सामू किती दिवसांनी तपासला, तेवढं जरूर सांगा.