दाटपणा वाटणातून येतो

पनीर, दही, साय सोडली की रस्सा पांचट होतो, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. मालवणी काळ्या वाटाण्याचं सांबारं करून बघा. दुधातुपाचा थेंब नसतो, तरी वड्यांबरोबर पातेलं पुसून खातात लोक.

वाटाणे रात्रभर भिजवून मऊ शिजवा. खरी मेहनत वाटणात आहे. उभा चिरलेला कांदा तेलात चांगला तपकिरी होऊ द्या, मग त्यातच ओलं खोबरं मंद आचेवर खमंग परता. इथे घाई केली की सगळं फसतं. खोबऱ्याचा पांढरेपणा पूर्ण जायला हवा आणि कडांना तेल सुटायला लागलं पाहिजे. धणे, बडीशेप, मिरी, लवंग वेगळे भाजून घाला. वाटताना मूठभर शिजलेले वाटाणे त्यातच टाका, रस्सा छान मिळून येतो. दोन आमसुलं अगदी शेवटी.

हेच वाटण कच्च्या फणसाला आणि अळंब्यांनाही सुरेख लागतं. ताकाची आठवण येत असेल तर सोबत सोलकढी आहेच. उरलेले वाटाणे कोरडे करून, ठेचून, भिजवलेल्या पोह्यांत मळा आणि तव्यावर टिक्क्या भाजा. मुलांच्या डब्याला उत्तम.